संघाचा पिंड

शेतकरी नवी बैलजोडी प्रथमच नांगराला जुंपतो, तेव्हा पहिले तास बहुधा वाकडेच निघते. बांधावरून जाणारा एखादा नवखा माणूस त्या वाकड्या तासाला हसतो. जाणता शेतकरी मात्र तासापेक्षा बैलांच्या पावलांकडे अधिक पाहतो. दोघांची चाल जुळते आहे की नाही, एक ओढतो आणि दुसरा अंग चोरतो असे तर होत नाही ना, जमिनीत दगड लागला म्हणजे दोघेही जोर लावतात की एक थबकून उभा राहतो, हे तो निरखीत असतो. तास पुढे सरळ करता येते. चालीतली खोट मात्र वेळीच ओळखावी लागते.

खेळाच्या संघाकडेही, निदान हंगामाच्या आरंभी, याच दृष्टीने पाहावे असे मला वाटते, आणि आज त्याविषयीच मी थोडे बोलणार आहे.

मनुष्याच्या मूळ स्वभावाला आपण त्याचा पिंड म्हणतो. अमक्याचा पिंड लढवय्याचा, तमक्याचा पिंड व्यापाऱ्याचा, असे सहज बोलून जातो. संघालाही असा पिंड असतो. अकरा खेळाडूंनी एका रंगाचे सदरे घातले म्हणजे संघ उभा राहतो खरा, पण त्याचा पिंड त्या सदऱ्यांबरोबर शिवून येत नाही. कोल्हापूरच्या श्रोत्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे पेठापेठांतील तालमींचे फुटबॉल संघ आहेत, आणि प्रत्येकाच्या खेळण्याच्या तऱ्हेविषयी चौकाचौकांत वाद झडतात. प्रश्न एवढाच की, नव्या हंगामात, नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, काही जुने आणि काही नवे खेळाडू एकत्र आले असताना, त्या संघाचा पिंड आपण कशावरून ओळखावा?

याचे उत्तर शोधण्यासाठी मी तुम्हांला इंग्लंडमधील लेस्टर या शहरी नेणार आहे. साल २०१५.

तेथील प्रीमियर लीग या स्पर्धेची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. वीस संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळावयाचे, म्हणजे एकेका संघाचे ३८ सामने. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. ऑगस्टमध्ये आरंभ होतो आणि मे महिन्यात शेवट. अखेरीस तळाशी राहिलेले तीन संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात. ज्यांच्यापाशी अलोट पैसा, त्यांच्याकडे नामांकित खेळाडू, आणि त्यांच्याकडेच बहुधा विजेतेपद, असा तेथला वर्षानुवर्षांचा परिपाठ.

लेस्टर सिटी हा संघ या श्रीमंतांच्या पंगतीतला नव्हे. शहर मोज्यांच्या आणि पादत्राणांच्या कारखान्यांसाठी एके काळी प्रसिद्ध. संघाची स्थापना १८८४ सालची. पण १३० वर्षांत त्याला सर्वोच्च श्रेणीचे विजेतेपद एकदाही लाभले नव्हते. १९२८–२९ च्या हंगामात मिळालेले दुसरे स्थान हीच काय ती मिरवण्याजोगी पुंजी. २०१५ च्या एप्रिलच्या आरंभी तर हा संघ गुणतक्त्याच्या अगदी तळाशी होता. खालच्या श्रेणीत जाणे जवळजवळ ठरल्यासारखे होते. तेथून त्याने अखेरच्या नऊ सामन्यांपैकी सात जिंकले आणि चौदाव्या स्थानावर येऊन आपली जागा राखली. हे विलक्षण होते. पण त्या वेळी पुष्कळांनी त्याला दैवाचा खेळ मानले. बुडणारा माणूस हातपाय मारतोच, त्यावरून तो पट्टीचा पोहणारा ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद असावा, आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता.

ज्यांच्या हाताखाली हे घडले ते प्रशिक्षक नायजेल पिअर्सन यांना जूनअखेर संघाने निरोप दिला. जुलैमध्ये त्यांच्या जागी क्लॉडिओ रानिएरी हे इटालियन गृहस्थ आले. वय ६३. अनुभव दांडगा, पण नुकतेच अपयशाचे धनी झालेले. ग्रीसच्या राष्ट्रीय संघाचे ते प्रशिक्षक असताना, २०१४ च्या नोव्हेंबरात, सुमारे ५० हजार वस्तीच्या फेरो बेटांच्या संघाने ग्रीसला त्यांच्याच मैदानावर हरवले होते आणि रानिएरींची नेमणूक त्यानंतर रद्द झाली होती. त्याआधी लंडनच्या चेल्सी संघाकडे असताना, ते संघात सारखी ठाकठोक करीत बसतात अशी त्यांची ख्याती झाली होती, आणि त्या अर्थाचे एक टोपणनावही त्यांना चिकटले होते. अशा माणसाच्या हाती हा संघ गेलेला पाहून इंग्लंडमधील कित्येक जाणकारांनी नाके मुरडली. लेस्टर विजेता ठरेल यावर पैज लावणाऱ्यास एका पौंडाला पाच हजार पौंड देण्याची तयारी काही पैजवाल्यांनी दाखवली होती. म्हणजे ही गोष्ट त्यांच्या लेखी अशक्य कोटीतली होती.

आता त्या हंगामाचे पहिले नऊ सामने पाहू. ८ ऑगस्टला संडरलंडवर ४–२ असा विजय. मग वेस्ट हॅमवर २–१. पुढे टॉटनहॅमशी १–१ आणि बोर्नमथशी १–१ अशा दोन बरोबऱ्या. १३ सप्टेंबरला अॅस्टन व्हिलाविरुद्ध लेस्टर ०–२ असे मागे पडले. सामन्याची अवघी अठरा मिनिटे उरली असताना त्यांचा पहिला गोल झाला, आणि शेवटी ते ३–२ असे जिंकले. पुढच्याच आठवड्यात स्टोकविरुद्ध पुन्हा ०–२ अशी पिछाडी आणि अखेर २–२ अशी बरोबरी. २६ सप्टेंबरला आर्सेनलने त्यांच्याच मैदानावर त्यांचा ५–२ असा धुव्वा उडवला. त्यानंतर नॉर्विचवर २–१ असा विजय. आणि १७ ऑक्टोबरला साउदॅम्प्टनविरुद्ध तिसऱ्यांदा ०–२ अशी पिछाडी भरून काढून २–२ अशी बरोबरी, तीही सामन्याची नव्वद मिनिटे संपल्यावर मिळालेल्या ज्यादा वेळात.

नऊ सामन्यांत चार विजय, चार बरोबऱ्या, एक पराभव; १६ गुण. त्यांनी केलेले गोल १९ आणि त्यांच्यावर झालेले १७. एकाही सामन्यात त्यांचे गोलद्वार अभंग राहिले नव्हते. निव्वळ आकड्यांवर विसंबणारा म्हणेल, संघ बरा आहे, नशिबाने साथ दिली आहे; पण बचाव फुटका आहे, आणि फुटक्या घागरीत पाणी फार दिवस राहात नाही.

पण तास सोडून पावलांकडे पाहिले तर काय दिसते? या नऊ सामन्यांपैकी पाच सामन्यांत लेस्टर आधी मागे पडले होते, आणि त्या पाचांपैकी एकही सामना ते हरले नाहीत. टॉटनहॅमने गोल केला तो सामन्याच्या ८१ व्या मिनिटाला. त्यानंतर लगेच लेस्टरने बरोबरी साधली. याउलट, जो एकमेव सामना ते हरले, त्या आर्सेनलविरुद्धच्या सामन्यात पहिला गोल लेस्टरचाच होता! दगड लागला की या जोडीचे चारही खूर जमिनीत घट्ट रोवले जात होते. एप्रिल आणि मे महिन्यांत जे दिसले, तेच ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत दिसत राहिले. एकदा घडते त्याला योगायोग म्हणावे. निरनिराळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध पुन्हा पुन्हा घडते, तेव्हा त्याला स्वभाव म्हणणेच प्राप्त होते.

या चिवटपणाच्या मुळाशी केवळ मनाची जिद्द होती असे समजू नये. त्यामागे खेळाची एक ठाम रीत होती. मोठे संघ चेंडू आपल्याच पायांशी खेळवीत ठेवतात आणि प्रतिस्पर्ध्याला दमवतात. लेस्टरने चेंडूचा हा मोह धरला नाही. बहुतेक सामन्यांत चेंडू निम्म्याहून अधिक वेळ प्रतिपक्षाकडेच असे. वेस मॉर्गन आणि रॉबर्ट हूथ हे दोन धिप्पाड बचावपटू आपल्या गोलासमोर भिंतीसारखे उभे राहात. त्यांच्या पुढे, त्याच उन्हाळ्यात फ्रान्समधील काँ या संघाकडून आलेला एन्गोलो कान्ते हा ठेंगणा, अबोल खेळाडू मैदानभर धावून प्रतिपक्षाच्या पायातला चेंडू काढून घेई. तो चेंडू डॅनी ड्रिंकवॉटरकडे जाई, आणि त्याच्या एका लांब फटक्यासरशी तो प्रतिपक्षाच्या बचावफळीच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत पडे. तेथे जेमी वार्डी वाऱ्यासारखा धावत पोहोचलेला असे. उजव्या बगलेवर रियाद माहरेझ हा अल्जीरियाचा खेळाडू आपल्या डाव्या पायाच्या कसबाने भल्याभल्यांना चकवी. प्रतिपक्ष जितका आत्मविश्वासाने पुढे सरके, तितकी त्याच्या मागची जागा मोकळी होई आणि तितके लेस्टरचे फावे. पिछाडीवर पडूनही हा संघ गडबडून का जात नसे, याचे एक कारण येथे सापडते. जिंकण्यासाठी त्याला आपली रीत बदलावी लागत नव्हती.

आणखी एक गोष्ट. यांतील बहुतेक जण कोणी ना कोणी नाकारलेले होते. वार्डीला वयाच्या सोळाव्या वर्षी शेफील्डच्या एका संघाने, उंची पुरेशी नाही म्हणून घरी पाठवले होते. मोडलेल्या हातापायांना आधार देणाऱ्या पट्ट्या बनविणाऱ्या कारखान्यात काम करीत तो किरकोळ संघांतून खेळत राहिला, आणि पंचविशीत लेस्टरला आला. माहरेझ फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतून सुमारे साडेचार लाख पौंडांत आला होता. त्या बाजारात ही रक्कम म्हणजे चिल्लरच. कान्तेलाही लहानपणी मोठ्या संघांच्या क्रीडाशाळांनी घेतले नव्हते. ०–२ हा आकडा पाहून अशा माणसांचे धैर्य सहसा खचत नाही. आयुष्यात त्यांनी तो आधीच पाहिलेला असतो.

रानिएरींचे खरे मोठेपण कशात होते हे आता सांगता येईल. ठाकठोक करण्याबद्दल ज्यांची ख्याती, त्या या गृहस्थांनी येथे प्रथम हात आखडता घेतला. आल्याबरोबर इटलीतले डावपेच या खेळाडूंच्या गळी उतरवण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. एप्रिल-मेमध्ये या संघाने जो स्वभाव दाखवला होता तो त्यांनी ओळखला आणि तोच पायाभूत मानला. पण ओळखणे म्हणजे सारेच जसेच्या तसे चालू देणे नव्हे. आर्सेनलकडून मार खाल्ल्यावर त्यांनी दोन्ही बगलांचे बचावपटू बदलले. धावून पुढे जाणाऱ्या दोघांऐवजी आपली जागा धरून राहणारे डॅनी सिम्प्सन आणि क्रिस्टियन फुक्स हे दोघे संघात आले. चढाईची रीत तीच, जिद्द तीच. फक्त घागरीचे छिद्र तेवढे बुजवले.

याच सुमारास त्यांनी खेळाडूंना एक गंमतीचे आमिष दाखवले. एक सामना तरी अंगावर गोल न घेता संपवा, मी तुम्हां सर्वांना पिझ्झा खाऊ घालतो. २४ ऑक्टोबरला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध लेस्टर १–० असे जिंकले. प्रशिक्षकांनी शब्द पाळला. पण भोजनगृहात नेल्यावर त्यांनी खेळाडूंनाच कणीक हाती देऊन आपापला पिझ्झा बनवायला लावले. मिळवायचे ते कष्टाने मिळवायचे, हा त्यातला अर्थ त्यांना निराळा सांगावा लागला नसेल.

पहिल्या नऊ सामन्यांत ज्यांच्यावर १७ गोल झाले होते, त्यांच्यावर उरलेल्या २९ सामन्यांत केवळ १९ झाले. त्या हंगामात पहिल्या अकरांत सर्वांत कमी फेरफार करणारा संघ हाच ठरला. वार्डीने ओळीने अकरा सामन्यांत गोल करून नवा विक्रम केला. २ मे २०१६ च्या रात्री, टॉटनहॅमचा संघ चेल्सीविरुद्ध २–० असा आघाडीवर असूनही सामना २–२ असा सुटला, आणि लेस्टरचे विजेतेपद निश्चित झाले. अखेरीस त्यांचे गुण झाले ८१. दुसऱ्या स्थानावरील आर्सेनलपेक्षा १० अधिक.

आता एखादा चिकित्सक श्रोता म्हणेल, हे सारे शहाणपण निकाल लागल्यानंतरचे आहे. आक्षेप योग्य आहे, आणि तो मी टाळू इच्छीत नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये, हा संघ विजेता होणार असे कोणालाही खात्रीने सांगता आले नसते. तसे सांगणाऱ्याला मी द्रष्टा न म्हणता धाडसी म्हणेन. पण हा संघ कोणत्या जातीचा आहे हे मात्र तेव्हाच सांगता येण्याजोगे होते. पिंड ओळखणे आणि भविष्य वर्तवणे या भिन्न गोष्टी आहेत. बैलांची चाल पाहून शेतकरी जोडीची पारख करतो. पीक किती येईल हे त्यावरून तो सांगत नाही, कारण पावसाचा भरवसा त्याच्या हाती नसतो.

पारख करण्यात घाई केली म्हणजे काय होते, याचा एक धडा खुद्द लेस्टर शहराच्याच इतिहासात आहे, आणि तो आपल्याशी निगडित आहे. १९७२ साली युगांडातून इदी अमीन याने आशियाई लोकांना हाकलून दिले, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन, आमच्या शहरात येऊ नका, असे त्यांना कळविले होते. ते तरीही हजारोंनी आले, बहुतेक गुजराती. त्यांनी दुकाने काढली, कारखाने चालविले, मुले शिकविली. २०११ च्या जनगणनेत शहरातील सुमारे २८ टक्के लोक भारतीय वंशाचे होते, आणि तेथील बेलग्रेव्ह रस्त्यावरची दिवाळी भारताबाहेरील सर्वांत मोठ्या दिवाळींत गणली जाते. ज्यांना दारातून परत फिरविण्याची त्या शहराची इच्छा होती, त्यांच्या नातवंडांनी २०१६ च्या मे महिन्यात निळे सदरे घालून त्याच शहराचा विजय साजरा केला. आरंभीच्या तक्त्यावरून माणसांचीही पारख करू नये, ती याचसाठी.

तथापि गोष्ट येथे संपवली तर ती अर्धसत्य होईल. विजयानंतर कान्ते चेल्सीला गेला, आणि पुढच्या हंगामात चेल्सी विजेते ठरले. लेस्टरची रीत तीच राहिली, पण त्या रीतीचा कणा निघून गेला होता. पुढच्या फेब्रुवारीत संघ तळाच्या तीन संघांच्या अगदी वर लटकत असताना, विजेतेपदाला वर्षही पुरे झालेले नसताना, रानिएरींना दूर करण्यात आले. संघ त्या वर्षी बाराव्या स्थानावर राहिला. २०१८ च्या ऑक्टोबरात संघाचे थाई मालक मैदानालगतच हेलिकॉप्टरच्या अपघातात मृत्युमुखी पडले. २०२३ साली संघ खालच्या श्रेणीत गेला, पुढच्या वर्षी वर आला आणि २०२५ मध्ये पुन्हा खाली गेला.

म्हणजे पिंड हा पिढीजात दागिन्यासारखा तिजोरीत कुलूपबंद ठेवता येत नाही. माणसे बदलतात, तसा तोही विरतो. आणि प्रत्येक हंगामाच्या आरंभी नव्याने शोधावा लागतो. गेल्या वर्षीच्या यशावर त्याची हमी मिळत नाही, आणि या वर्षीच्या पहिल्या पराभवाने तो नाहीसाही होत नाही.

श्रोतेहो, नव्या हंगामात तुमच्या आवडीचा संघ मैदानात उतरेल. तो मोठ्या शहरातला असेल, नाहीतर तुमच्या शाळेचा किंवा पेठेचा असेल. पहिल्या दोनचार सामन्यांत तो अडखळेल. त्या वेळी निकालाच्या रकान्यावर बोट ठेवून त्याला निकालात काढण्यापूर्वी एवढेच पाहा. प्रतिपक्षाचा गोल झाल्यावर, चेंडू मध्यरेषेवर आणून ठेवीपर्यंतच्या त्या अर्ध्या मिनिटात तुमचे खेळाडू काय करतात? ते एकमेकांवर हात उगारून दोष देतात, खाली मान घालून उभे राहतात, की कोणीतरी धावत जाऊन जाळ्यातला चेंडू उचलून आणतो? जर तो कोणी धावत गेला, आणि पुढच्या वेळी दुसरा कोणी गेला, तर त्या संघाला थोडा अवधी द्या.